पद्म पुरस्कारासाठी आपल्या गावातल्या माणसाचं नाव कसं सुचवायचं

प्रत्येक तालुक्यात असं एखादं माणूस असतंच, ज्याच्याविषयी सगळे म्हणतात, "ह्यांना सरकारने काहीतरी द्यायला हवं होतं." पण सरकारला हे कळवणार कोण, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. कळवायचं आपणच. त्यासाठी कोणाची ओळख लागत नाही, आमदारांचं पत्र लागत नाही, एक पैसाही लागत नाही. पद्मविभूषण, पद्मभूषण आणि पद्मश्री या तिन्ही पुरस्कारांसाठी कोणीही नागरिक कोणाचंही नाव सुचवू शकतो. स्वतःचंही सुचवता येतं, पण ज्यांना पुरस्कार मिळावा असं आपल्याला वाटतं, ती माणसं सहसा स्वतःचा अर्ज भरणाऱ्यांतली नसतात.

मी कुडाळ तालुक्यातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते. आता निवृत्त आहे. आमच्या पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांच्या कलेसाठी २०२१ ची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून लोक माझ्याकडे हे कागद घेऊन येतात. जुनी कात्रणं कुठे मिळतील, हे मला ठाऊक असतं. त्यातून जे शिकले ते इथे मांडते. एक उदाहरण सोबत घेते, आमच्या भागातल्या एका निवृत्त आरोग्यसेविकेचं. त्यांना नाव छापलेलं आवडणार नाही, म्हणून सगळं गाव म्हणतं तसं मीही त्यांना नर्सबाईच म्हणते.

आधी पात्रता तपासा

जात, धर्म, व्यवसाय, हुद्दा, स्त्री-पुरुष असा कोणताही भेद या पुरस्कारांत नाही. एक अट मात्र लोकांच्या लक्षात राहत नाही. सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला पद्म पुरस्कार मिळत नाही, सार्वजनिक उपक्रमांतल्या नोकरांनाही नाही. अपवाद फक्त डॉक्टर आणि शास्त्रज्ञांचा. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी किंवा उपकेंद्रातली सिस्टर सेवेत असतील, तर थांबावं लागेल. निवृत्तीनंतर ही आडकाठी राहत नाही. आमच्या नर्सबाई निवृत्त होत्या, म्हणून त्यांचं नाव पुढे करता आलं.

दुसरी गोष्ट वयाची. पुरस्कार सहसा मरणोत्तर देत नाहीत. फारच मोठं काम असेल आणि निधन अलीकडचं, साधारण वर्षभरातलं असेल, तरच तसा विचार होतो. त्यामुळे ज्यांच्याविषयी तुम्ही गेली काही वर्षं "करूया, करूया" म्हणताय त्यांचं वय ऐंशीच्या पुढे गेलं असेल, तर हे काम या वर्षीच हातात घ्या. चांगलं माणूस गेल्यावर आपण चौकाला त्याचं नाव देतो. हयात असताना त्याच्या हातात सनद पडावी, यासाठी थोडी धावपळ करायला काय हरकत आहे?

आधी राज्याचा एखादा पुरस्कार मिळालेला असला पाहिजे, असं बरेच जण समजतात. तशी अट नाही. पद्म पुरस्कारांच्या नियमांतला एक शब्दप्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो, "एक्सलन्स प्लस". एखाद्या क्षेत्रात माणूस नुसता उत्तम असून भागत नाही. त्या उत्तमपणाचा लोकांना काय उपयोग झाला, तेही दिसलं पाहिजे. त्या कामात सेवेचा अंश हवा. पुढचं सगळं लिखाण याच कसोटीवर घासून बघायचं.

महाराष्ट्र भूषण हा राज्याचा सर्वोच्च सन्मान. पहिला १९९६ मध्ये पु. ल. देशपांडे यांना मिळाला. तो फार थोड्यांसाठी आहे आणि त्याची निवड राज्य सरकार करतं. तालुका पातळीवर आयुष्य घालवलेल्या माणसासाठी मला पद्मश्रीचंच दार जास्त उघडं वाटतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे देशी बियाणं जपत राहिल्या आणि २०२० मध्ये पद्मश्रीपर्यंत पोचल्या. मेळघाटात बैरागडला राहून रुग्णसेवा करणाऱ्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली.

त्या माणसाला विचारा

नाव सुचवायला त्या व्यक्तीची लेखी संमती लागत नाही. तरी विचारावं. एक तर तो त्यांचा मान आहे. शिवाय जन्मतारीख, कामाची वर्षं, जुने कागद हे सगळं त्यांच्याकडूनच मिळणार.

नर्सबाईंकडे गेलो तेव्हा त्या पडवीत कुळीथ पाखडत बसल्या होत्या. ऐकून म्हणाल्या, "माका कित्याक व्हया ह्या सगळा?" सगळ्या चांगल्या माणसांचं पहिलं उत्तर असंच असतं. त्यावर त्यांना त्यांचा मोठेपणा ऐकवत बसू नये, त्या आणखी आखडतात. मी एवढंच म्हटलं, "बाई, तुमच्यासाठी नको. पण ह्या वाड्यांत बाळंतपणाची सोय कशी उभी राहिली, ते कुठेतरी लिहून ठेवायला हवं ना?" मग त्या उठल्या आणि आतून वह्या घेऊन आल्या.

पुरावे गोळा करणं, खरी मेहनत इथे

नर्सबाईंच्या त्या वह्या लाल पुठ्ठ्याच्या, लांबट, दुकानात उधारीच्या खात्याला वापरतात तशा. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले रकाने. तारीख, वाडी, बाईचं नाव, कितवं बाळंतपण, बाळाचं वजन, आणि शेवटी "शेरा". त्या शेऱ्यात सगळं आलं. "साकव वाहून गेला, डोलीने आणली." "पायाळू. कुडाळास पाठविली, दोघे सुखरूप." "रक्त कमी, गोळ्या घेत नाही, सासूशी बोलले." नोकरीतली वर्षं सरकारी नोंदवहीत होती. या वह्या मात्र त्यांच्या स्वतःच्या होत्या, आणि निवृत्तीनंतरही चालू राहिल्या होत्या. कारण निवृत्तीनंतर त्यांनी घराची एक खोली मोकळी केली. पावसाळ्यात ज्या वाड्यांचा रस्ता तुटतो, तिथल्या दिवस भरत आलेल्या बायका आधीच खाली येऊन त्या खोलीत राहायच्या. कळा सुरू झाल्या की तिथून गाडीने दवाखान्यात.

हेच ते "प्लस". नोकरीतलं काम कितीही चोख असलं तरी वाचणारा म्हणणार, ही नोकरी झाली. ती खोली मात्र नोकरीचा भाग नव्हती. तुमच्या माणसाच्या बाबतीतही हीच जागा शोधा. कोणी सांगितलेलं नसताना, कोणी पैसे देत नसताना त्यांनी काय उभं केलं?

वह्यांची छायाचित्रं जोडताना एक काळजी घ्या. त्यात इतर माणसांची नावं आणि आजार असतात, आणि ते आपल्याला जगजाहीर करता येत नाहीत. आम्ही नावाच्या रकान्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवून फोटो काढले. शाळेच्या हजेरीपटावरची मुलांची नावं, रुग्णांचे कागद, व्यसनमुक्ती केंद्राच्या नोंदी, सगळ्यांना हीच पट्टी लावा.

बाकीचे पुरावे कुठे मिळतात, तेही सांगते. ग्रामपंचायतीचे ठराव, सहकारी संस्थेचे अहवाल, शाळेच्या स्मरणिका, आणि तालुक्याच्या वाचनालयातले जुने वर्तमानपत्रांचे गठ्ठे. वाचनालयात जाऊन महिना-साल सांगितलं, तर ग्रंथपाल आनंदाने शोधून देतात. कात्रणावर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख नसेल, तर त्याची किंमत निम्मी होते. फोटो काढताना पानाचा वरचा भागही घ्या.

शिफारसपत्रांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पुढाऱ्यांच्या चार पत्रांपेक्षा ज्यांनी ते काम जवळून पाहिलंय अशा एका माणसाचं पत्र जास्त बोलतं. नर्सबाईंसाठी आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात पूर्वी काम केलेल्या एका डॉक्टरांकडून पत्र घेतलं. त्यांनी दीड पान लिहिलं, त्यात एकही विशेषण नव्हतं. कोणत्या वर्षी किती वाड्यांतून बायका वेळेवर पोचू लागल्या आणि त्यात बाईंचा वाटा काय, एवढंच होतं. ते पत्र मी अजून इतरांना नमुना म्हणून दाखवते.

८०० शब्द

अर्जाचा प्राण म्हणजे त्या व्यक्तीच्या कामाचं वर्णन. त्याला ८०० शब्दांची मर्यादा आहे. बहुतेक अर्ज इथेच हरतात, कारण ते सत्काराच्या भाषणासारखे लिहिलेले असतात. "दीनदुबळ्यांची माउली", "समाजासाठी चंदनासारखे झिजलेले व्यक्तिमत्त्व". हे व्यासपीठावर शोभतं. निवड करणाऱ्यांपुढे हजारो कागद असतात. २०१९ च्या पुरस्कारांसाठी जवळपास ५० हजार नामांकनं आली होती, आणि एका वर्षात तिन्ही मिळून १२० पेक्षा जास्त पुरस्कार देत नाहीत (मरणोत्तर आणि परदेशस्थांना दिलेले या आकड्यात धरत नाहीत). माउली आणि चंदन त्यातल्या हजारो कागदांत सापडेल. तुमच्या माणसाचं वेगळं काय, ते पहिल्या पाच ओळींत आलं पाहिजे.

नमुना म्हणून महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांचं काम बघा. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. कोकणात विंचूदंशाने माणसं मरत होती. त्यांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं, त्याचे निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, आणि मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांवरून १ टक्क्यावर आलं. एवढ्यात सगळं कळतं. कुठे, कोणतं संकट, यांनी काय केलं, त्याने काय बदललं. यात एकही विशेषण नाही, तरी वाचताना अंगावर काटा येतो.

प्रत्येकाकडे असा आकडा नसतो. तो बळेच तयार करू नका. आकडा नसेल तर बदल शब्दांत दाखवा, पण नेमका. नर्सबाईंच्या पहिल्या मसुद्यात त्यांच्या पुतण्याने लिहिलं होतं, "बाईंनी आपलं संपूर्ण आयुष्य माता-बालकांच्या सेवेत वेचलं." ते वाक्य आम्ही काढलं. त्या जागी असं लिहिलं: "सह्याद्रीच्या पायथ्याच्या ज्या वाड्यांचा पावसाळ्यात रस्त्याशी संबंध तुटतो, तिथल्या गरोदर स्त्रियांसाठी त्यांनी निवृत्तीनंतर स्वतःच्या घरात विनामूल्य मुक्कामाची सोय केली. त्यांच्या नोंदवहीनुसार या खोलीत राहून गेलेल्या प्रत्येक स्त्रीचं बाळंतपण दवाखान्यात झालं." दुसऱ्या वाक्यात "त्यांच्या नोंदवहीनुसार" हे मुद्दाम ठेवलं. दावा कशाच्या आधारावर आहे, हे कळलं की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. आणि वहीत जेवढं आहे तेवढंच लिहायचं, त्यापुढे एक अक्षरही नाही. निवडीच्या टप्प्यावर माणसाची पूर्वपीठिका सरकारी यंत्रणांकडून तपासली जाते. तिथे फुगवलेला दावा उघडा पडला तर नुकसान त्या निष्पाप माणसाचं होतं.

मी ८०० शब्द साधारण असे वाटते. सुरुवातीला शंभरेक शब्दांत संकट आणि काम. मग निम्म्याहून जास्त जागा त्या एका मुख्य कामाला, सालवारीने. मग त्या कामातून पुढे काय रुजलं. नर्सबाईंच्या हाताखाली शिकलेल्या दोन मुली आज आशा कार्यकर्त्या आहेत, ते इथे आलं. मिळालेले पुरस्कार सगळ्यात शेवटी, दोन ओळींत. बालपण, हलाखी, आईवडील यांना फार जागा देऊ नका. मन भरून येतं हे खरं, पण निवड कामाची व्हायची आहे.

मी आधी मराठीत लिहून घेते, कारण माहिती देणारी माणसं मराठीत बोलतात आणि चूक मराठीत लगेच दिसते. मसुदा त्या व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवते. नर्सबाईंनी दोन सालं बदलायला लावली आणि एक वाक्य खोडायला लावलं, "ता माझा न्हय, ता डॉक्टरांचा." मग ते इंग्रजीत उतरवायचं. साधं इंग्रजी पुरतं. शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना गाठा, आणि त्यांना सांगा की अलंकार घालू नका.

क्षेत्र निवडताना

अर्जात क्षेत्र निवडायचं असतं. कला, समाजकार्य, सार्वजनिक व्यवहार, विज्ञान व अभियांत्रिकी, व्यापार व उद्योग, वैद्यक, साहित्य व शिक्षण, नागरी सेवा, क्रीडा, आणि "इतर". इथे एक घोटाळा नेहमी होतो. "पब्लिक अफेअर्स" वाचून लोक समजतात, म्हणजे लोकसेवा, आणि गावातल्या सेवाभावी माणसाचं नाव तिथे टाकतात. ते क्षेत्र कायदा, राजकारण, सार्वजनिक जीवन यांच्यासाठी आहे. धर्मादाय काम, वस्तीतलं काम, लोकांना जोडून केलेले उपक्रम यांची जागा समाजकार्यात. नर्सबाईंना वैद्यकात टाकायचं की समाजकार्यात, यावर आमच्यात बराच खल झाला. शेवटी समाजकार्य निवडलं, कारण उपचार डॉक्टरांनीच केले. बाईंनी बायकांना तिथवर पोचवलं.

शेतीला वेगळा रकाना नाही, ती "इतर"मध्ये जाते. आमच्या शेजारच्या गोव्यात सावईवेऱ्याचे शेतकरी संजय अनंत पाटील यांना २०२४ ची पद्मश्री मिळाली, तीही शेतीच्या कामासाठी. वन्यजीव रक्षण, मानवी हक्क हेही याच "इतर"मध्ये.

अर्ज भरणं

अर्ज फक्त ऑनलाइन, राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर. कागदावरचा अर्ज पाठवायचे दिवस गेले. हे पोर्टल केंद्र सरकारचं आहे आणि त्याच्या पत्त्याच्या शेवटी "गव्ह डॉट इन" असतं, ते बघून घ्या. "तुमचं नाव लावून देतो" म्हणत पैसे मागणारा कोणी भेटला, तर त्याला उंबऱ्यातच थांबवा.

मुदत दर वर्षी वेगळी असते. २०२५ च्या पुरस्कारांसाठी १ मे ते १५ सप्टेंबर २०२४ अशी होती. २०२६ साठी १५ मार्च २०२५ पासूनच नामांकनं सुरू झाली. मी म्हणते, होळीनंतर एकदा पोर्टल बघून ठेवावं आणि पाऊस सुरू व्हायच्या आत अर्ज जावा. आमच्याकडे जुलैत वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो, शेवटच्या दिवसांत तर पोर्टलवरही गर्दी होते. स्वतःचा, चालू असलेला मोबाइल नंबर वापरा. नेट कॅफेवाल्याच्या नंबरावर खातं उघडलंत तर पुढे तो सापडत नाही. वर्णन आधी वेगळीकडे टाइप करून, शब्द मोजून ठेवा आणि मग तिथे चिकटवा. भरून झालं की अर्जाची प्रत काढून घ्या, क्रमांक वहीत लिहा.

पुढे काय होतं

दर वर्षी पंतप्रधान पद्म पुरस्कार समिती नेमतात. कॅबिनेट सचिव तिचे अध्यक्ष असतात. गृहसचिव, राष्ट्रपतींचे सचिव आणि चार ते सहा मान्यवर व्यक्ती सदस्य असतात. समितीच्या शिफारशी पंतप्रधान आणि राष्ट्रपतींकडे जातात. यादी प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी जाहीर होते. या मधल्या महिन्यांत कोणाला फोन करून पाठपुरावा करायचा नसतो. त्या व्यक्तीलाही रोज "काय झालं?" विचारून बेजार करू नका.

नाव आलं, तर राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक मिळतं. रोख रक्कम नाही, रेल्वे किंवा विमानाच्या प्रवासात सवलतही नाही. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावं, म्हणजे गैरसमज होत नाहीत. आणखी एक गोष्ट गावाला सांगायची. पद्मश्री ही पदवी नाही. राज्यघटनेच्या कलम १८ ने पदव्या बंद केल्या आहेत, आणि हे पुरस्कार पदव्या ठरत नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने बालाजी राघवन खटल्यात डिसेंबर १९९५ मध्ये स्पष्ट केलं, ते याच अटीवर की नावाच्या आधी किंवा नंतर ते लावायचे नाहीत. लेटरहेडवर नाही, निमंत्रणपत्रिकेवर नाही, पोस्टरवर नाही, पुस्तकावर नाही. गैरवापर झाला तर पुरस्कार काढून घेतला जाऊ शकतो. सत्काराचा फलक करणाऱ्या मंडळाला हे लेखी द्या, कारण छापखान्यात "पद्मश्री" हा शब्द नावाला चिकटवूनच लिहायची सवय आहे.

नाव आलं नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा सुचवा. गोळा केलेले कागद एका फाइलमध्ये, सालवार लावून वाचनालयात ठेवा आणि आणखी एका माणसाला ती फाइल कुठे आहे ते दाखवून ठेवा. नर्सबाईंची फाइल आमच्या कपाटात स्थानिक इतिहासाच्या खणात आहे. या उन्हाळ्यात तिच्यात त्या डॉक्टरांचं नवं पत्र आणि वहीची पुढची पानं घालायची आहेत, अर्थात पांढरी पट्टी ठेवूनच.